कुणाला कळणार नाही म्हणून मराठीत

आमच्या घरात दोन भाषा होत्या आणि दोघींची कामं वाटून दिलेली होती. शाळा, रिक्षावाला, दूधवाला, टीव्ही, गणित आणि भांडण हिंदीत. जेवण, आजारपण, देवाचं आणि लोकांबद्दल बोलणं मराठीत. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दालबाजारात आई तुरीची डाळ मुठीत घेऊन उजेडात धरायची आणि दुकानदाराच्या समोर, अगदी हसतमुखाने मला सांगायची, "जुनी आहे गं, किडकीपण आहे थोडी. तू घाई असल्यासारखं दाखव." मी लगेच तोंड वाकडं करून "आई, चल ना, कोचिंगचा टाइम झाला आहे," म्हणायचे आणि दुकानदार बिचारा भाव खाली आणायचा. निदान आम्हाला तसं वाटायचं. बाड्याच्या बाजारात चपला घेताना, डॉक्टरकडे नंबर लावून बसलेलं असताना, बँकेच्या रांगेत आई दंडाला हळूच चिमटा काढून म्हणायची, "मराठीत बोल." आमच्याकडे ते दार लावून घेण्यासारखं होतं. ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, हा खेळ प्रत्येकाने खेळलेला असतो. कितीतरी पिढ्या या शहरात काढूनही आम्हाला पक्कं वाटायचं, की मराठी फक्त आमची आहे आणि बाकी गावाला तिच्यातलं अक्षरही कळत नाही. आता मी पुण्यात राहते आणि माझं मराठी ऐकून लोक विचारतात, "तुम्ही मूळच्या हिंदी का?" तेव्हा हसू येतं आणि लगेच मावळतं, कारण त्या खुळ्या समजुतीपायी मी एका माणसाचं फार वाईट केलं आहे.

आई शाळेत शिकवायची, बाबा विम्याच्या कचेरीत होते, आणि मी एकुलती एक, म्हणजे लाडही माझे आणि बोलणीही मलाच. संध्याकाळी सहाच्या सुमारास घर जागं व्हायचं. कुकरच्या शिट्ट्या, गल्लीतल्या देवळातली घंटा, तिळाची गजक विकणाऱ्याची हाळी, बाबांचं स्कूटर स्टँडवर चढवताना कण्हणं. आईचं आमटी-भात आणि भेंडीची काचऱ्यांसारखी भाजी ठरलेली, रविवारी मात्र बाबा कोपऱ्यावरून डाळ भरलेली बेडई पुरी आणायचे आणि बटाट्याच्या तिखट रश्श्यात ती बुडवून खाताना आई दर वेळच्याच चालीवर म्हणायची, "हे तेलकट खाणं बंद करा." म्हणत म्हणत तिसरी उचलायची. मी बारावीत होते त्या वर्षी या सगळ्या आवाजांत एका आवाजाची भर पडली. माझ्या फोनचा टुंग. तो वाजला की माझा घास तोंडाशी थांबायचा. आई म्हणायची, "मानसी, खाणं खाऊन घे आधी, मग बघ." मी ऐकायचे नाही. आणि तो वाजला नाही, तर मी घासच घ्यायचे नाही.

टुंग मोहितचा असायचा. तो माझ्याच कोचिंगमध्ये, पडाव नावाच्या वस्तीच्या मागच्या गल्लीत राहणारा, सतरा वर्षांचा, उंच आणि थोडा वाकून चालणारा. केमिस्ट्रीत हुशार आणि बोलण्यात भिडस्त. पहिल्यांदा आम्ही बोललो ते मी आईशी फोनवर बोलत असताना. तो बाजूला उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "कितनी अच्छी लगती है. सिखा दोगी?" मुलं मुलींना काय काय सांगून भुलवतात, पण याला खरोखरच शिकायचं होतं. त्याला मराठी म्हणजे जरा शुद्ध हिंदी वाटायची, म्हणून तो शोधून शोधून जड शब्द वापरायचा. एकदा मोठ्या गंभीरपणे मला म्हणाला, "मी रोज मराठीची चेष्टा करतो." त्याला म्हणायचं होतं प्रयत्न करतो. मी पायऱ्यांवर बसून पोट धरून हसले. तो आधी गोंधळला, मग अर्थ कळल्यावर तोही हसला, कान लाल करून. मी त्या क्षणी त्याच्या प्रेमात पडले, असं म्हणायला हरकत नाही. पुढे तो मला फोनवर बोलून निरोप पाठवायला लागला, मोडक्या मराठीत, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे. "आज मी वरण खाल्ला. आई म्हणते दाल. मी म्हणतो नाही, वरण." मी ते निरोप पांघरुणात शिरून पुन्हा पुन्हा ऐकायचे.

इथपर्यंत लिहायला सोपं आहे. पुढचं मी बरीच वर्षं स्वतःला वेगळ्या तऱ्हेने सांगत आले. सांगताना मी नेहमी म्हणायचे, की आम्ही लहान होतो, दोघांचंही चुकलं. दोघांचं नाही चुकलं. माझं चुकलं. मी त्याला छळायचे. हा शब्द तेव्हा सुचला नव्हता, कारण छळणारे म्हणजे मिशीवाले, गल्लीच्या तोंडाशी उभे राहणारे, अशी माझी कल्पना होती. मी तर वेणी घालणारी, नव्वद टक्के मिळवणारी मुलगी. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा नुकत्या आल्या होत्या आणि त्यांनी माझा ताबाच घेतला. खूण निळी झाली आणि दोन मिनिटांत उत्तर आलं नाही, तर मी प्रश्नचिन्हं पाठवायला लागायचे. एक, मग पाच, मग ओळीच्या ओळी. "कुठे आहेस? फोटो पाठव. घड्याळ दिसलं पाहिजे फोटोत." तो पाठवायचा. भिंतीवरचं घड्याळ, बाजूला त्याचा ओशाळलेला चेहरा. मी त्याच्या खात्याचा पासवर्ड मागून घेतला आणि त्याच्या मित्रांच्या यादीतल्या अकरा मुली माझ्या हाताने काढून टाकल्या, त्यातली एक त्याची मामेबहीण होती. एका खोट्या नावाने खातं उघडून मीच त्याला गोड गोड निरोप पाठवले, तो भुलतो का बघायला. तो भुलला नाही, उलट त्याने मलाच येऊन सांगितलं, की कोणी मुलगी त्रास देते आहे. तरी मी भांडले. इतक्या उशिरा का सांगितलंस म्हणून.

आता मी शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली कधीकधी लाजत सांगतात, "मॅम, त्याने मला त्याचा पासवर्ड दिलाय." मोठा दागिना दिल्यासारखं सांगतात. मी काही बोलायला जाते आणि माझा आवाज उगाच चढतो. त्यांना वाटतं मॅम जुन्या वळणाच्या आहेत.

मोहित एका गोष्टीत मात्र माझ्या हाती लागायचा नाही. रोज संध्याकाळी सात ते आठ त्याचा फोन बंद. विचारलं की म्हणायचा, घरचं काम. फोटो मागितला की म्हणायचा, बॅटरी नाही. मग एक दिवस एका मैत्रिणीने सांगितलं, की तिने मोहितला तन्वीच्या बंगल्याच्या फाटकाशी उभं पाहिलं, आणि एकदा नाही, तीनदा. तन्वी आमच्याच बॅचची. गोरी, गाडीतून येणारी, नेहमी बाटलीत लिंबूपाणी आणणारी. माझ्या डोक्यात जे पेटलं ते मी त्याला लिहून काढलं. काय लिहिलं ते इथे लिहिणार नाही, हे माझी आईही वाचणार आहे. सव्वाशे निरोप होते. शेवटी मी लिहिलं, की दहा मिनिटांत खरं सांगितलं नाहीस तर तन्वीच्या पपांना फोन करते.

नऊ मिनिटांनी टुंग झालं. दीड मिनिटाचा निरोप होता. तो मला आजही पाठ आहे.

"मानसी, हे मी. तू गुस्सा करू नको. मी तन्वीकडे जात नाही. मी माझ्या आईला आणायला जातो. आई तिथे पोळ्या करते, दोन वेळ. तन्वीला माहीत नाही ती माझी आई आहे. मी बाहेर उभा राहतो, सायकल घेऊन. तिचे हात भाजतात, पण ती सांगत नाही, पदरात लपवते. मी एकदा नोकरीला लागला ना, तर तिला कुणाच्या घरी जाऊ नाही देईल. तिला खुर्चीवर बसवील आणि मी पोळी करील. मला येते. गोल येत नाही, पण येते. हे मी मराठीत बोलतो, कारण ती इथेच बाजूला बसली आहे, तिला कळत नाही. तू कोणाला सांगू नको."

मी रडले. खरंच रडले. माफी मागितली, दोन आठवडे शहाण्यासारखी वागले. त्याच्यावर प्रेम होतंच, त्यात आता थोडी दया मिसळली, आणि त्या दयेचा मला भारी अभिमान वाटायचा. मग परीक्षा जवळ आली, तो अभ्यासाला लागला, निळ्या खुणा पुन्हा उत्तराविना राहायला लागल्या आणि माझा शहाणपणा संपला. एका दुपारी त्याने लिहिलं, "थोड़े दिन बात नहीं करते. मुझे साँस नहीं आती." मी लिहिलं, मी फोन केला, मी पुन्हा लिहिलं. तो सगळं वाचत होता आणि गप्प होता. मला त्या गप्प राहण्याचा इतका संताप आला, की आजही आठवलं तरी तळहात गरम होतात. त्याला एकदा तरी दचकवायचं, माझ्याकडे बघायला लावायचं, एवढंच डोक्यात होतं. आमच्या बॅचचा ग्रुप होता, बेचाळीस जणांचा. मी तो दीड मिनिटाचा निरोप त्यात टाकला आणि खाली लिहिलं, "सुनो मोहित की मराठी."

वाचणाऱ्याने विचारावं, की वेडी होतीस का. वेडी नव्हते, हेच वाईट आहे. मी हिशेबाने वागले होते. बॅचमध्ये मराठी मी एकटी. बाकीच्यांना त्यातलं काय कळणार? ते त्याच्या उच्चारांना हसतील, तो घाबरेल, मला फोन करेल, मी म्हणेन, "बघ, मी सांगू शकले असते, पण सांगितलं नाही." दालबाजारात आईच्या दंडाला चिकटून जे शिकले होते, तेच मी केलं. सगळ्यांसमोर बोलले आणि दार लावलेलं आहे असं धरून चालले.

पहिली पाच मिनिटं हसण्याच्या चित्रांची गेली. मग नमन नावाच्या मुलाने लिहिलं. तो शेवटच्या बाकावर बसायचा, त्याच्याशी मी कधी बोललेही नव्हते. त्याचं अख्खं बालपण एका मराठी शेजारणीच्या ओट्यावर गेलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याने लिहिलं, "अबे, इसकी मम्मी तन्वी के यहाँ रोटी बनाती है." एवढंच. बाकीचं काही त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. मग कोणीतरी लिहिलं, "भाई, हमारे यहाँ भी दो टाइम की चाहिए." दुसऱ्याने ताटातल्या रोटीचा फोटो टाकला. मग फोटोच फोटो. तन्वीने एकच ओळ लिहिली, "व्हॉट? वो आंटी?" आणि ग्रुप सोडला. टाकलेलं सगळ्यांच्या फोनमधून पुसण्याची सोय तेव्हा नव्हती. मी ओरडून लिहिलं, "बंद करो, मज़ाक था." त्यावरही कोणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. मोहितच्या नावापुढे खूण निळी झाली होती. त्याने सगळं वाचलं होतं.

तो कोचिंगला आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. आठव्या दिवशी सरांनी माझ्या घरी फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि माझ्याकडून तो निरोप मागून ऐकला. स्वयंपाकघरात उभ्याने ऐकला, गॅस बंद करून. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पोरगा मराठीत बोलला. आपल्या मराठीत. विश्वासाने बोलला गं." मी म्हणाले, "मला वाटलं कोणाला समझणार नाही." आई खुर्चीवर बसली. म्हणाली, "तो दालबाजारातला दुकानदार आहे ना, तुझे बाबा सांगतात, त्याला सगळं समझतं. वर्षानुवर्षं. तो भाव कमी करतो ते मला ओशाळं वाटू नये म्हणून." मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "त्यांच्या घरी जा. एकटी जा. मी येणार नाही."

मी दुपारी गेले. पडावाच्या मागे हॉटेलांच्या ओळीनंतर एक अरुंद गल्ली आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर एक खोली. रस्ताभर मी माफीची वाक्यं हिंदीत जुळवत होते, "आंटी, मुझसे बहुत बड़ी गलती हुई," असं सगळं. दार त्याच्या आईने उघडलं. बारीक, माझ्या आईहून तरुण दिसणारी बाई. मी कोण हे सांगितल्यावर ती दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "आ जा." मोहित नव्हता. झाशीला मामाकडे गेला होता, मामाच्या दुकानात बसायला. परीक्षा देणार नाही म्हणाला होता. तन्वीच्या आईने हिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं, वाईट शब्दांत नाही, मुलीला अवघड वाटतं म्हणून. हे सगळं तिने तक्रार न करता सांगितलं, मला पाणी दिलं आणि भिंतीतल्या कोनाड्यातून मोहितचा फोन काढला. तो त्याने इथेच टाकला होता.

"बेटा, ग्रुप में नमन ने लिखा, फिर सब यही बोले कि मोहित ने रोटी वाली बात बोल दी," ती म्हणाली. "पर ये तो इतना लंबा है. बाकी में क्या बोला है? तू तो मराठी है. बता दे."

मी म्हणाले, "आंटी, रहने दीजिए." ती म्हणाली, "बता दे."

मग मी तो निरोप लावला. एक वाक्य झालं की थांबवायचे आणि हिंदीत सांगायचे. मोहितचा आवाज त्या खोलीत येत होता आणि त्यामागून माझा. हात भाजतात, हे सांगितलं तेव्हा तिने दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले. नोकरी लागली की कुणाच्या घरी जाऊ देणार नाही, हे ऐकून ती खिडकीकडे बघत राहिली. खुर्चीवर बसवून मी स्वतः रोटी करीन, गोल येत नाही पण येते, या वाक्याला ती चक्क हसली. म्हणाली, "कच्ची छोड़ देता है बीच में." शेवटचं वाक्य मला सांगवेना. ती वाट पाहत होती. मी सांगितलं, "बोल रहा है, मम्मी यहीं बगल में बैठी है, उसको समझ नहीं आता. किसी को बताना मत."

"हाँ," ती म्हणाली, "मैं चावल बीन रही थी उस दिन. मैंने पूछा क्या बोल रहा है इतना, तो बोला, पढ़ाई की बात है." तिने फोन माझ्या हातातून घेतला. "मुझसे तो कभी नहीं बोला ये सब."

मला वाटलं आता माफी मागावी. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने माझ्याकडे वळून विचारलं, अगदी साध्या आवाजात, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं:

"ये पूरा सुना था तूने? भेजने से पहले?"

"जी."

"समझ के सुना था?"

"जी, आंटी."

तिने फोन बंद करून कोनाड्यात ठेवला. माझ्यासमोरचा ग्लास उचलला, मी पाणी प्यायलेच नव्हते. "नमन ने तो आधा ही समझा था," ती म्हणाली. "सबने आधा ही समझा. पूरा तो बस तू समझी थी, बेटा."